लॅरी होम्सला नेमकं कितव्या जागी बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन मुष्टियोद्धा लॅरी होम्स सलग 48 लढती जिंकला, 1978 ते 1985 अशी सात वर्षांहून जास्त हेवीवेट विजेता राहिला, वीस वेळा किताब राखला. तरी एका यादीत तो तिसरा असतो, दुसरीत आठवा-नववा आणि तिसरीत पहिल्या दहातही नसतो. ‘त्याचा काळच कमकुवत होता’ असं सांगून बहुतेक जण विषय संपवतात. मग त्याची खरी जागा कुठली?

माझं उत्तर आधीच सांगतो: चौथी. अली, जो लुई, जॉर्ज फोरमन आणि मग होम्स. पण नुसता आकडा तुमच्या कामाचा नाही. मी हौशी मुष्टियुद्धात अनेक वर्षं कोच आणि जज म्हणून काम केलं आहे. एखाद्या जुन्या विजेत्याचं मोल ठरवायचं तर कुठून सुरुवात करायची, हे सांगणं जास्त उपयोगी पडेल.

‘कमकुवत काळ’ या दोन शब्दांत दोन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. ज्यांना हरवलं ते चांगले नव्हते, ही एक. जे चांगले होते त्यांच्याशी तो लढलाच नाही, ही दुसरी. पहिली तपासायची तर लढती बघाव्या लागतात, दुसरीसाठी न झालेल्या लढतींचा हिशेब मांडावा लागतो. दोन्ही एकत्र केल्या की वाद वर्षानुवर्षं चालतो आणि हाती काही लागत नाही.

जुनी लढत बघताना मी कॉमेंट्रीचा आवाज बंद करतो. समालोचकाचा आवडता खेळाडू आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा दोन्ही कानावर पडले की डोळा फसतो. हवेत गेलेला ठोसाही बसल्यासारखा वाटतो. प्रत्येक राऊंड संपला की लगेच गुण लिहायचे, पुढचा राऊंड बघून मागचा बदलायचा नाही. लढत संपली की प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: त्या दिवशी त्याचं वय काय होतं, आधीच्या दोन वर्षांत त्याने काय केलं होतं आणि नंतर त्याच्या हातून काय झालं. तिसऱ्या रकान्याकडे लोक बघत नाहीत. होम्सच्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे.

माइक वीव्हरचंच बघा. जून 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होम्सपुढे तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या नावावर बऱ्याच हारी होत्या. लढतीआधी त्याला कुणी फारसं मोजत नव्हतं. प्रत्यक्षात वीव्हरने होम्सला चांगलंच हलवलं. अकराव्या राऊंडच्या अखेरीस होम्सचा उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) लागला, वीव्हर पडला आणि बाराव्यात लढत थांबली. त्या रात्री हा ‘किरकोळ माणसावरचा अवघड विजय’ ठरला. नऊ महिन्यांनी, मार्च 1980 मध्ये, याच वीव्हरने जॉन टेटला शेवटच्या मिनिटात झोपवून डब्ल्यूबीए या संघटनेचा जागतिक किताब घेतला (तेव्हा वेगवेगळ्या संघटनांचे वेगवेगळे विजेते असत). मग तो विजय किरकोळ कसा?

असे आणखी तिघे सापडतात. ट्रेव्हर बर्बिक 1986 मध्ये डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा विजेता झाला. टिम विदरस्पून 1984 मध्ये डब्ल्यूबीसीचा आणि 1986 मध्ये डब्ल्यूबीएचा. जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ 1986 च्या डिसेंबरात डब्ल्यूबीएचा. चौघांनाही होम्सने त्यांच्या विजेतेपदाच्या आधी हरवलं होतं. किताबाच्या वीस बचावांत किरकोळ माणसंही होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. लोरेन्झो झनोन, ल्यूसियन रॉड्रिग्ज, स्कॉट फ्रँक ही नावं कुठल्याही थोर विजेत्याच्या खात्यात वजन वाढवणारी नाहीत. पण जो लुईने 25 वेळा किताब राखला, त्यातल्या कितीतरी प्रतिस्पर्ध्यांची त्या काळच्या वर्तमानपत्रांनीच टर उडवली होती. लुईला आपण त्यासाठी खाली ओढत नाही. मग होम्सला वेगळी फूटपट्टी लावू नये.

आता त्याचा सर्वांत मोठा विजय. 9 जून 1978, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस, समोर केन नॉर्टन. होम्सचा डावा हात त्या लढतीआधी सरावात दुखावला होता आणि त्याचं मुख्य हत्यार डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, हेच होतं. पहिल्या निम्म्या भागात होम्स लांबून खेळतो, मग नॉर्टन आत घुसू लागतो आणि बरगड्यांवर काम करतो. निकालाचे आकडे नीट वाचा: तिन्ही जजांचं कार्ड 143-142, दोघांचं होम्सच्या बाजूने, एकाचं नॉर्टनच्या. दहा गुणांच्या पद्धतीत (राऊंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला सहसा नऊ, फारच मार खाल्ला तर आठ) हा आकडा येतो तो एकाला आठ आणि दुसऱ्याला सात राऊंड गेले की. चौदा राऊंडनंतर तिन्ही कार्डांवर बरोबरी होती आणि पंधराव्याने किताब ठरवला.

तो पंधरावा राऊंड मी शिकणाऱ्या मुलांना बऱ्याचदा दाखवतो. दोघांचे पाय संपलेले आहेत, गार्ड खाली आला आहे, तरी कुणी मागे हटत नाही. सुरुवातीला नॉर्टन वरचढ दिसतो. मग होम्स अपरकट आणि उजवे ठोसे एकामागून एक सोडतो आणि शेवटाकडे नॉर्टनचे गुडघे लवतात. मुलांना मी होम्सचे हात न बघता पाय बघायला सांगतो. इतका दमलेला असूनही ठोसा मारल्यावर त्याचा मागचा पाय जागेवर परत येतो, त्यामुळे पुढचा ठोसा जोरात निघतो. दमलेल्या बॉक्सरमध्ये ही सवय टिकणं फार दुर्मीळ आहे.

या विजयाला मी किती वजन देतो? बरंच, पण पूर्ण नाही. नॉर्टन तेव्हा 34 वर्षांचा होता. याच नॉर्टनला फोरमनने मार्च 1974 मध्ये काराकासला दुसऱ्याच राऊंडमध्ये संपवलं होतं. ‘फोरमनला दोन राऊंड लागले, होम्सला पंधरा’ असं म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका. नॉर्टन समोरच्याला मागे ढकलत खेळायचा. उलट त्यालाच मागे रेटणारा जबरदस्त ठोसेबाज आला की तो कोसळायचा. फोरमन, अर्नी शेव्हर्स आणि गेरी कूनी या तिघांनीही त्याला झटपट संपवलं. याउलट अलीला त्याने तीन लढतींत मिळून 39 राऊंड छळलं आणि पहिल्या लढतीत त्याचा जबडा मोडला. होम्स हा अलीच्या जातीचा, लांबून खेळणारा बॉक्सर. त्याच्यासाठी नॉर्टन हे अवघडच गणित होतं. आणि नॉर्टनला एका राऊंडमध्ये झोपवणाऱ्या शेव्हर्सला होम्सने दोनदा हरवलं आहे. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ हा क पेक्षा मोठा, हे तर्कट बॉक्सिंगमध्ये चालत नाही.

शेव्हर्सशी दुसरी लढत सप्टेंबर 1979 मध्ये झाली. सातव्या राऊंडमध्ये शेव्हर्सचा उजवा ठोसा होम्सच्या डोक्यावर बसतो आणि होम्स सरळ पाठीवर आपटतो. हेवीवेटच्या इतिहासातले सगळ्यात जड ठोसे मारणाऱ्यांत शेव्हर्सचं नाव घेतात. होम्स उठतो, घंटेपर्यंत तग धरतो, नंतर पुन्हा जॅबवर येतो आणि अकराव्या राऊंडमध्ये रेफ्रीला शेव्हर्सला वाचवावं लागतं. 1981 मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही त्याला सातव्यातच पाडलं आणि तिथेही शेवट अकराव्यातच, होम्सच्या बाजूने झाला. पडल्यानंतरच्या दोन राऊंडमध्ये माणूस काय करतो, यावर मी विजेत्याची पारख करतो. बहुतेक जण एकतर घाबरून मिठ्या मारत राहतात किंवा रागाने अंगावर धावून जातात. होम्स आधी डावा हात समोर काढायचा आणि अंतर पुन्हा आपल्या ताब्यात घ्यायचा.

त्या डाव्या हाताबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोच म्हणून माझं मत इथेच पक्कं झालं. पुस्तकी जॅब हनुवटीजवळून निघतो. होम्सचा डावा हात जरा खाली असायचा, छातीच्याही खाली, त्यामुळे ठोसा समोरच्याच्या नजरेखालून वर यायचा. हात मागे खेचून ताकद जमवण्याची खूण नाही, खांदा उचलण्याची नाही. त्यात हातांचा आवाका 81 इंच. तो एक जॅब मारून थांबत नसे. पहिला अंदाज घेणारा, दुसरा नाकावर आणि तिसऱ्यामागून उजवा सरळ. मागे सरकतानाही तो जॅब मारायचा आणि त्यात वजन असायचं. मागे जाताना मारलेला जॅब बहुतेकांचा नुसता हात लावल्यासारखा लागतो. याची किंमतही त्याने मोजली. डावा हात खालून परत येताना उशीर झाला की समोरच्याचा वरून येणारा उजवा ठोसा मोकळा मिळतो. शेव्हर्स, स्नाइप्स आणि विदरस्पून तिघांनी त्याला याच वाटेने गाठलं. पण नुसत्या जॅबवर सात वर्षं राज्य करणारा दुसरा हेवीवेट माझ्या नजरेत नाही.

अलीवरच्या विजयाला माझ्या हिशेबात शून्य किंमत आहे. 2 ऑक्टोबर 1980 ला अली 38 वर्षांचा होता आणि दोन वर्षं खऱ्या लढतीत उतरला नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत तो भारतात आला होता आणि दिल्लीत कौर सिंग यांच्याशी चार राऊंडची प्रदर्शनीय लढत खेळला होता. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ती आठवते. होम्ससमोर त्याला एकही राऊंड मिळाला नाही. दहाव्यानंतर अलीचा कोच अँजेलो डंडीने कोपऱ्यातून लढत थांबवली. होम्स पेनसिल्व्हेनियात डीअर लेकच्या छावणीत अलीचा सरावातला जोडीदार म्हणूनच वाढला होता. आपल्याच गुरूसारख्या माणसाला मारत असताना तो रेफ्रीकडे बघतो, हे थांबवा असं सांगत असल्यासारखा. ही लढत मी दुसऱ्यांदा बघत नाही. तिचा गुण होम्सला देऊ नये आणि दोषही देऊ नये.

कूनीचा विजय मात्र लोक समजतात त्याहून मोठा आहे. 11 जून 1982 ला कूनी अपराजित होता, डाव्या हुकचा (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाचा) राक्षस होता आणि सगळा प्रचार ‘गोरी आशा’ म्हणून, म्हणजे काळ्या विजेत्याला हरवू शकणारा गोरा म्हणून, त्याच्याभोवती चालला होता. रिंगमध्ये विजेत्याची ओळख शेवटी करून देण्याची परंपरा आहे. त्या रात्री होम्सला आधी पुकारलं आणि आव्हानवीराला नंतर. इतक्या दबावाखाली तो आपल्या जॅबला चिकटून राहिला, कूनीला दुसऱ्या राऊंडमध्ये पाडलं आणि तेराव्यात संपवलं. कमरेखालच्या ठोशांबद्दल कूनीचे तीन गुण कापले नसते तर दोन जजांच्या कार्डावर तो थांबवण्याआधी पुढे असता, हेही लक्षात ठेवा. म्हणजे ती सोपी लढत नव्हती.

आता दुसरी तक्रार, न झालेल्या लढतींची. इथे होम्सचे चाहते गप्प बसतात आणि मला तसं करता येत नाही. 1983 मध्ये डब्ल्यूबीसीने ग्रेग पेज या आव्हानवीराशी लढायचा आग्रह धरला होता. त्याऐवजी होम्स नोव्हेंबरात जो फ्रेझियरचा मुलगा मार्व्हिस याच्याशी लढला. मार्व्हिसच्या गाठीशी तेव्हा जेमतेम दहा लढती होत्या आणि डब्ल्यूबीसीने ती किताबाची लढत म्हणून मानायलाही नकार दिला. पहिल्याच राऊंडमध्ये ती संपली. डिसेंबरात होम्सने डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडला आणि नव्याने उभ्या राहिलेल्या आयबीएफचा घेतला. डब्ल्यूबीएचा विजेता गेरी कूट्झी याच्याशी 1984 मध्ये ठरलेली लढत पैशांच्या गोंधळात बारगळली. पिंकलन थॉमस आणि मायकल डोक्स या त्या काळच्या तगड्या हेवीवेटांशी तो कधी लढलाच नाही.

यातलं मला सगळ्यात खुपतं ते पेज नव्हे. सोडलेल्या पट्ट्यासाठी मार्च 1984 मध्ये पेज विदरस्पूनशी लढला आणि हरला. होम्सने विदरस्पूनला आधीच हरवलं होतं. खुपतं ते विदरस्पूनशी परतीची लढत न देणं. मे 1983 ची ती लढत दोन विरुद्ध एक अशा निकालाने होम्सला गेली. समोरचा पंधराच लढती खेळलेला पोरगा होता आणि नवव्या राऊंडमध्ये त्याने होम्सला पुरतं हलवलं होतं. इतका चुरशीचा निकाल लागल्यावर थोर विजेता पुन्हा समोर येतो. अली नॉर्टनसमोर तीनदा आला. लुई बिली कॉनसमोर आणि जर्सी जो वॉलकॉटसमोर पुन्हा आला. होम्स आला नाही. इथे मी त्याची एक पायरी कापतो आणि ही कपात मला पूर्ण न्याय्य वाटते.

48-0 या आकड्याबद्दलही सांगायला हवं. सप्टेंबर 1985 मध्ये मायकल स्पिंक्सकडून हरला नसता तर कारकिर्दीत एकदाही न हरलेल्या हेवीवेट विजेत्या रॉकी मार्सियानोच्या 49-0 ची बरोबरी झाली असती. नंतर रागाच्या भरात तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला आणि त्याची किंमत त्याला लोकांच्या मनात अजून मोजावी लागते. ते बोलणं वाईटच होतं, पण गुणतक्त्यात त्याला जागा नाही. खुद्द आकडाही मी फार मानत नाही. 48 पैकी विदरस्पून आणि मे 1985 मधला कार्ल विल्यम्स या दोन लढती सहज उलट जाऊ शकल्या असत्या. तसंच एप्रिल 1986 मध्ये स्पिंक्सशी झालेली दुसरी लढत अनेकांच्या कार्डावर होम्स जिंकला होता, माझ्याही. दोन्ही बाजू धरल्या तर हिशेब बराच जुळतो.

त्याच्या सहाही हारी वयाच्या 35 नंतरच्या आहेत. जानेवारी 1988 मध्ये टायसनने त्याला चौथ्या राऊंडमध्ये संपवलं तेव्हा तो 38 वर्षांचा होता आणि जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर होता. कारकिर्दीत त्याची लढत थांबवावी लागली ती तेवढी एकदाच. तो पराभव मी त्याच्याविरुद्ध धरत नाही, तसा अलीचा विजय त्याच्या बाजूने धरत नाही. मापदंड एकच हवा. उलट फेब्रुवारी 1992 मध्ये, 42 व्या वर्षी, त्याने अपराजित आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या रे मर्सरला बारा राऊंड कोपऱ्यात अडकून, दोरांना पाठ लावून, उजव्या हाताने शिकवणी दिली. चाळिशीतल्या होम्सकडे वेग नव्हता, पण ठोसा कुठून येतोय हे कळण्याची नजर शाबूत होती. तिशीतला होम्स किती वरचा होता, याचा हा भक्कम पुरावा आहे.

मग फोरमन वर का? कारण होम्सकडे जे नाही ते त्याच्याकडे आहे. 1973 मध्ये किंग्स्टनला त्याने जो फ्रेझियरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडलं, पुढच्या वर्षी नॉर्टनला, आणि 45 व्या वर्षी मायकल मूररला झोपवून पुन्हा विजेता झाला. भरात असलेल्या थोर माणसावरचा असा निर्विवाद विजय होम्सच्या खात्यात नाही. त्यात त्याचा दोष कमी आणि जन्मवर्षाचा जास्त: अलीचा काळ संपता संपता तो आला आणि टायसनचा सुरू होताना थकला.

लेनॉक्स लुईसला मी त्याच्या लगेच खाली ठेवतो. लुईसच्या विजयांची यादी मोठी आहे, त्याला हरवणाऱ्या दोघांनाही त्याने परत हरवलं. पण ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान यांच्या एकेका उजव्या ठोशाने त्याची लढत संपली. तसाच ठोसा शेव्हर्सकडून खाऊन होम्स उठला आणि जिंकला. माझ्यासाठी हा फरक निर्णायक आहे. कुणी विजयांच्या यादीलाच सर्वांत जास्त वजन देत असेल तर तो लुईसला वर ठेवेल आणि मी त्याच्याशी भांडणार नाही. मार्सियानोचं मात्र मी मान्य करत नाही. त्याची जिद्द अफाट होती, पण त्याने हरवलेली मोठी नावं, लुई, वॉलकॉट, एझार्ड चार्ल्स, आर्ची मूर, बहुतांशी उताराला लागलेली होती आणि बचाव सहाच.

थोडक्यात, कौशल्य आणि संकटातलं डोकं या निकषांवर होम्स तिसरा, सर्वोत्तम विजयांवर सहावा-सातवा, सातत्यावर लुईच्या खालोखाल. कुठल्या निकषाला किती वजन, हे तुमच्यावर आहे. ‘कमकुवत काळ’ एवढ्यावर त्याला दहाच्या बाहेर टाकणाऱ्याने मात्र लढती बघितलेल्या नाहीत, असं मी खुशाल म्हणेन.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर पाच लढती या क्रमाने बघा: नॉर्टन, शेव्हर्सची दुसरी, कूनी, विदरस्पून, मर्सर. आवाज बंद, कागद-पेन जवळ. विदरस्पूनची लढत एका बैठकीत, मध्ये न थांबवता बघा आणि नववा राऊंड संपताच गुण लिहून टाका. त्या राऊंडमध्ये आधी विदरस्पून त्याला हलवतो आणि अखेरीस होम्स तितक्याच जोराने परत येतो. किती नुकसान झालं होतं आणि त्यातलं किती त्याने भरून काढलं, हे ठरवताना 10-9 लिहायचं की 10-8, यावर मी अजूनही सहकाऱ्यांशी वाद घालतो.